होडी कुणाची, किनारा कुणाचा?

शिडाच्या होड्या बाळगणाऱ्यांची संघटना हा या पानावर लिहिण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न आमचे काही सहकारी विचारतील, आणि तो अगदीच अस्थानी नाही. संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हमाल, विडी कामगार, गिरणी कामगार, किनाऱ्यावरचे मच्छीमार येतात. ज्यांच्यापाशी फुरसतही आहे आणि पैसाही आहे, त्यांनी संघटना केली तर ती स्वतःची सोय पाहण्यासाठीच, एवढे गृहीत धरून आपण पुढे जातो. बहुतेक वेळा हे गृहीत खोटे ठरत नाही. परंतु एका ठिकाणी अशा संघटनेने जे केले, ते भल्याभल्या लोकसंघटनांना जमलेले नाही. आणि त्याच संघटनेपुढे आज जे प्रश्न उभे आहेत, ते आपल्या परिचयाचे आहेत. प्रतिनिधित्व हा शब्द आपण दररोज वापरतो. तो सभासदांपाशी सुरू होतो हे उघड आहे, पण संपतो कुठे, हे तपासून पाहण्यासाठी हे दूरचे उदाहरण घेतले आहे.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावर, वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. राजधानीचे वॉशिंग्टन शहर ते वेगळे, देशाच्या दुसऱ्या टोकाचे. या राज्यात समुद्र जमिनीत खोलवर शिरून प्युजेट साउंड नावाचे लांबच लांब आखात झाले आहे. त्याच्या काठी सिअॅटल आणि टकोमा ही शहरे आहेत, आणि उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला लागून, सॅन वान बेटांचा पुंजका आहे. सिअॅटल यॉट क्लब 1892 सालचा. त्या काळी यॉट म्हणजे लाकूड, रेल्वे आणि जहाजांच्या धंद्यात पैसा केलेल्यांचा षौक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. प्लायवूडची होडी घराच्या अंगणात बांधता येऊ लागली, शनिवार-रविवारची सुटी पदरात पडली, आणि पगारदार माणूसही पाण्यावर जाऊ लागला. आज या राज्यात दोन लाखांहून अधिक होड्या नोंदलेल्या आहेत. त्या सगळ्या धनिकांच्या आहेत असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून वर्गविश्लेषण करणे होय.

या नव्या माणसाची अडचण पाण्यावर नव्हती, ती काठावर होती. वॉशिंग्टन राज्य 1889 साली संघराज्यात सामील झाले, आणि तेव्हापासून सरकारने भरती-ओहोटीच्या मधला किनाऱ्याचा पट्टा खाजगी माणसांना विकायला सुरुवात केली. ही विक्री थेट 1971 पर्यंत चालू होती. परिणाम असा की, प्युजेट साउंडच्या काठच्या या पट्ट्यापैकी निम्म्याहून अधिक भाग आज खाजगी मालकीचा आहे. ओहोटीला उघडी पडलेली वाळू ही देखील कुणाची तरी मिळकत! होडीतून दिवसभर फिरावे, आणि संध्याकाळी नांगर टाकून काठावर उतरू म्हटले तर ‘खाजगी जागा’ अशी पाटी समोर. श्रीमंत क्लबांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्यांनी ठिकठिकाणी खाड्या आणि धक्के विकत घेऊन तेथे ‘आउटस्टेशन’ केली, म्हणजे क्लबच्या सभासदांपुरते मुक्कामाचे तळ. सिअॅटल यॉट क्लबचे असे तळ अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या, दोन्ही पाण्यांत आहेत. क्लबचे निशाण असेल तर बांधा होडी. नसेल तर पुढे चला.

अशा परिस्थितीत 1950 नंतरच्या दशकात प्युजेट साउंड भागातल्या क्लबांचा एक संघ उभा राहिला. त्याला थोडक्यात ‘इंटरक्लब’ म्हणत. आजच्या रिक्रिएशनल बोटिंग असोसिएशन ऑफ वॉशिंग्टनचे हे पूर्वरूप. सॅन वान पुंजक्याच्या उत्तर कडेला सूशिया नावाचे बेट आहे. नाव स्पॅनिश दर्यावर्दींनी दिलेले. त्याचा अर्थ ‘घाणेरडे’, आणि तो स्वच्छतेशी संबंधित नसून भोवतालच्या बुडीत खडकांशी आहे. होडीवाल्यांच्या भाषेत खडकाळ पाणी म्हणजे घाण पाणी. बेट मात्र देखणे आहे. वालुकाश्माच्या लांब बोटांसारख्या डोंगरधारा आणि त्यांच्यामध्ये लपलेल्या निवाऱ्याच्या खाड्या. कोणत्याही दिशेचा वारा सुटला तरी एखादी खाडी शांत सापडतेच. पिढ्यान्पिढ्या होड्या तेथे नांगर टाकत आल्या होत्या. एके दिवशी कळले की कॅलिफोर्नियातील जमिनीच्या व्यापाऱ्यांचा या बेटावर डोळा आहे, आणि त्याचे तुकडे पाडून सुटीच्या बंगल्यांसाठी विकण्याचा बेत आहे.

येथे तीन वाटा होत्या. सरकारकडे अर्ज करून वाट पाहता आली असती. चार मोठ्या क्लबांना एकत्र येऊन ते बेट आपले आउटस्टेशन करता आले असते, आणि सभासदांचे हित म्हणून कोणी नाव ठेवले नसते. एव्हरेट हेन्री नावाच्या एका नौकाप्रेमी गृहस्थाने तिसरी वाट धरली. त्याने इंटरक्लबमार्फत वर्गणी गोळा करायला घेतली. 25,000 डॉलर जमले, बेटाचा मोठा भाग संघाने विकत घेतला, आणि 1960 साली राज्य सरकारला सर्वांच्या वापराचे सागरी उद्यान म्हणून देऊन टाकला. बेटाच्या एका टोकाला आज हेन्रीचे नाव आहे. आपल्याकडे त्याच दशकात विनोबा जमीनमालकांच्या दारोदार फिरत होते. तेथे दान मालकाने दिले नाही. वापरणाऱ्यांनी पदरमोड करून मालकाकडून घेतले आणि सार्वजनिक केले. दोन्हींची तुलना करण्याचा मोह आवरतो, कारण आपल्या जमिनीच्या प्रश्नामागे भूक होती आणि त्यांच्या प्रश्नामागे सुटीचा दिवस होता. तरीही एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. वर्गणी देणाऱ्याला त्या बेटावर वर्गणी न देणाऱ्यापेक्षा कणभरही जास्त हक्क मिळाला नाही. सूशियाला पूल नाही, फेरीबोट नाही. पण हाताने वल्हवायची कयाक घेऊन आलेला विद्यार्थी आणि साठ फुटी यॉट घेऊन आलेला कारखानदार तेथे एकाच हक्काने उतरतात.

क्लबांच्या संघाचे प्रतिनिधित्व या एका कृतीत जितके दिसले, तितके शंभर ठरावांत दिसले नसते, असे आमचे मत आहे. संघाचे सभासद क्लब होते; पण संघ बोलला तो ज्यांना क्लब परवडत नाही त्यांच्याही वतीने.

चारच वर्षांनी या विचाराला कायद्याचे रूप मिळाले. पेट्रोलवरचा कर रस्त्यांसाठी असतो. होडी रस्त्यावर चालत नाही, म्हणून होडीत भरलेल्या पेट्रोलवरचा कर परत मागण्याची मुभा होती. पण चार-दोन डॉलरसाठी अर्ज कोण करणार? हे न मागितलेले पैसे तिजोरीत पडून राहत. नोव्हेंबर 1964 मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी 215 क्रमांकाचा जनोपक्रम मंजूर केला, आणि हा पैसा सार्वजनिक किनारा विकत घेण्यासाठी आणि होड्या उतरवण्याच्या सोयींसाठी बाजूला काढला. कोणावर नवा कर नाही, कोणाची सवलत काढून घेतली नाही, आणि विकून टाकलेला किनारा तुकड्यातुकड्याने का होईना, लोकांकडे परत येऊ लागला. कराच्या प्रश्नावर आपल्याकडे जी चर्चा चालते तीत असला साधा विचार क्वचितच ऐकू येतो.

आता संघटनेचे रोजचे काम पाहू. त्यात कथा नाही, कटकट आहे. राज्याचे कायदेमंडळ ऑलिम्पिया या छोट्या शहरात भरते. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते, एक वर्ष 105 दिवस आणि दुसऱ्या वर्षी 60 दिवस चालते, आणि तेवढ्या काळात शेकडो विधेयके येतात. होडीचा परवाना, इंधन, सांडपाणी, बोये, धक्क्यांचे भाडे यांपैकी कशाला तरी हात लावणारी कलमे त्यांत विखुरलेली असतात. शिडाच्या होडीचा मालक दिवसा नोकरी करतो. समितीपुढची सुनावणी आडवारी सकाळी असते. म्हणून संघटना ऑलिम्पियात पगारी माणूस ठेवते, आणि तो सर्वांच्या वतीने बोलतो. दबावगट या शब्दाचा आपल्याला तिटकारा आहे. पण बंदर-व्यावसायिक, विमा कंपन्या आणि तेलकंपन्या यांची माणसे त्याच दालनात बसलेली असताना, वापरणाऱ्यांचे कोणी तेथे असू नये, असे म्हणण्यात पावित्र्य असेल, शहाणपण नाही. प्रश्न एवढाच की, तो पगारी माणूस कोणाच्या मनातले बोलतो? संघटनेत क्लब आहेत, सुट्या व्यक्ती आहेत, आणि नौकाव्यवसायातल्या पेढ्याही आहेत. दोन लाखांतले बहुसंख्य मात्र कशातच नाहीत. ते ट्रेलरवर होडी ओढत आणतात, सार्वजनिक उतारावरून पाण्यात सोडतात, आणि संध्याकाळी घरी जातात.

करांच्या बाबतीत ही कसोटी लागते. सोळा फूट आणि त्याहून मोठ्या होडीवर दरवर्षी तिच्या किमतीच्या अर्धा टक्का कर आहे. नौकामालकांची जुनी तक्रार अशी की, हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो, पाण्यावर परत येत नाही. आम्हाला ही तक्रार अर्धीच पटते. पेट्रोलच्या कराची गोष्ट निराळी होती. तो रस्त्याच्या नावाने घेतलेला होता. मिळकतीवरचा कर मिळकतवाल्याच्याच सोयीसाठी परत मागायचा, तर मग बंगल्यावरच्या कराने फक्त बंगल्यापुढची बाग फुलवावी असे म्हणावे लागेल. 2022 साली कायदेमंडळाने या कराचा चौथा हिस्सा टाकून दिलेल्या, बुडालेल्या होड्या काढण्याच्या कामाला लावला, आणि नौकामालकांच्या संघटनांचा त्याला पाठिंबा होता. हे चांगले झाले, कारण त्या होड्यांतून गळणारे तेल क्लबचा आणि बिगरक्लबचा शिंपला वेगळा ओळखत नाही.

पण या टाकून दिलेल्या होड्यांची कहाणी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. होडी नवी असते तेव्हा तिचा मालक सुस्थितीतला असतो. वीस-तीस वर्षांत ती हातोहात खाली उतरत जाते. प्रत्येक नवा मालक आधीच्यापेक्षा गरीब, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र आधीपेक्षा जास्त. शेवटी ती जवळजवळ फुकट अशा माणसाच्या हाती येते, ज्याला विहार करायचा नसतो, डोक्यावर छप्पर हवे असते. सिअॅटलमधली घरभाडी पाहिली म्हणजे माणसे गळक्या होडीत का राहतात हे निराळे सांगावे लागत नाही. मग ती बुडते, आणि कायद्याच्या दृष्टीने दोषी ठरतो तो शेवटचा मालक. ज्यांनी तिच्यावरची चांगली वर्षे उपभोगली, ते केव्हाच नव्या होडीवर गेलेले असतात. राज्याने होड्या हटवण्याचा कार्यक्रम 2002 च्या कायद्याने उभा केला आणि आजवर हजाराहून अधिक होड्या काढल्या. 2014 पासून, जुनी होडी बुडण्याआधीच सरकारजमा करण्याची सोयही केली. याच 2002 साली दुसराही नियम आला. सरकारी मालकीच्या पाण्यावर जे धक्के आहेत, तेथे होडीत कायम राहणाऱ्यांसाठी साधारणपणे दहा टक्क्यांपेक्षा अधिक जागा देऊ नयेत. उरलेल्यांनी कुठे जावे? नांगर टाकून उघड्यावर. आणि तेथे फार दिवस राहिले की पुन्हा नोटीस.

होडीत राहणारी ही माणसे नौकाविहारी आहेत की नाहीत? संघटनेच्या नावात ‘रिक्रिएशनल’ हा शब्द आहे, आणि तो शब्दशः घेतला तर ती तिच्या कक्षेबाहेर पडतात. आम्हाला येथे आपल्याकडच्या त्या सोसायट्या आठवतात, ज्यांच्या पोटनियमांत सभासदाची व्याख्या इतकी चोख असते की, ज्याला खरी गरज आहे तो माणूस नेमका व्याख्येच्या एक वीत बाहेर उभा असतो. टाकलेल्या होड्या काढा असे म्हणणाऱ्या संघटनेनेच, होडीत राहणाऱ्याला धक्क्यावर जागा आणि सांडपाण्याची सोय द्या, असेही त्याच सुनावणीत म्हटले पाहिजे. दुसरी मागणी पहिलीला बळकटी देणारी आहे, कारण धक्क्यावर बांधलेली होडी सहसा कोणाच्या नजरेआड बुडत नाही.

आणखी एक जुनी बाजू आहे, आणि ती सर्वांत अवघड. हे पाणी मुळात कोस्ट सेलिश लोकांचे. 22 जानेवारी 1855 च्या पॉइंट इलियट तहात लमी आणि इतर जमातींनी जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या जागी, इतर नागरिकांबरोबर, मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढची शंभराहून अधिक वर्षे राज्य सरकारने हा हक्क कागदावरच ठेवला; आपल्या नदीत जाळे टाकल्याबद्दल बिली फ्रँक यांच्यासारखे कार्यकर्ते वारंवार तुरुंगात गेले. 12 फेब्रुवारी 1974 रोजी न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला की ‘इतरांबरोबर’ याचा अर्थ निम्मा वाटा, आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यत्वे कायम केला. म्हणजे 1960 साली सूशियाचा व्यवहार झाला तेव्हा, त्या बेटाभोवतीच्या पाण्यावर ज्यांचा पहिला हक्क, त्यांचे म्हणणे अजून न्यायालयाच्या कानी पडायचे होते. हेन्री आणि त्याच्या सहकाऱ्यांना यासाठी दोष देणे सोपे आहे, आणि आम्ही तो देत नाही. त्यांनी बेट बंगलेवाल्यांपासून वाचवले. परंतु ‘सर्वांसाठी’ हा शब्द ज्या वेळी उच्चारला गेला, त्या वेळी ‘सर्व’ कोण, याची यादी अपुरी होती.

आज ती यादी पुरी करण्याची संधी संघटनेपाशी आहे. जाळे पंख्यात अडकले, खेकड्याच्या सापळ्याची दोरी सुकाणूला गुंडाळली, अशा तक्रारी विहारी होडीवाले करत असतात, आणि त्यांतल्या काही रास्तही असतील. पण त्याच पाण्यातला सामन मासा कमी होत गेला, आणि सामनवर जगणारे या पाण्यातले किलर व्हेल आता पाऊणशेच्या आत उरले आहेत. 1 जानेवारी 2025 पासून त्यांच्यापासून 1,000 यार्ड, म्हणजे नऊशे मीटरांहून थोडे अधिक, अंतर राखणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. हा नियम सभासदांपुढे आपल्या स्वातंत्र्यावरचा घाला म्हणूनही मांडता येईल, टाळ्या मिळतील. किंवा जमातींच्या मत्स्यव्यवस्थापकांना आपल्या वार्षिक सभेला बोलावून, होडीचा आवाज पाण्याखाली काय करतो हे सभासदांना ऐकवता येईल. शिडाच्या होडीवाल्यांना तर हे समजायला वेळ लागू नये. इंजिन बंद केल्यावर समुद्र कसा ऐकू येतो, हे त्यांच्यापेक्षा चांगले कोणाला ठाऊक?

किनाऱ्यावरच्या खाजगी हक्कांबाबतही असाच निवाडा करावा लागेल. सरकारी पाण्यापुढे घर असलेल्या माणसाला आपला खाजगी धक्का भाडे न देता बांधता यावा, अशी तरतूद कायद्यात होती, आणि 1987 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्याच खटल्यात न्यायालयाने असेही सांगितले की, किनारा विकला तरी त्यावरचा लोकांचा विश्वस्त हक्क विकला जात नाही. ही दोन वाक्ये एकाच निकालपत्रात शेजारी शेजारी बसली आहेत. पहिल्याचा फायदा घरमालक सभासदाला आहे, दुसऱ्याचा ट्रेलरवाल्याला. संघटनेच्या माणसाने ऑलिम्पियात कोणते वाक्य आधी उच्चारायचे, हे तिच्या कार्यकारिणीत कोण बसतो यावर ठरते.

सूशियाची परंपरा संपलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. टकोमाच्या पश्चिमेला की द्वीपकल्पावर लेकबे नावाची वस्ती आहे. तेथला जुना धक्का 1928 च्या सुमारास अंडी-कोंबडी उत्पादकांच्या सहकारी संस्थेने बांधला. शेतकऱ्यांची अंडी तेथून बोटीने टकोमाच्या बाजारात जात. शेजारच्याच खाडीवर ‘होम’ नावाची वसाहत आहे. ती 1896 मध्ये अराज्यवाद्यांनी वसवली. आधीची एक सहकारी वसाहत नियमांच्या काचाखाली मोडली, म्हणून तिच्यातून निघालेल्या तिघांनी ही नवी मांडली. तेथले ‘द अॅजिटेटर’ हे पत्र, संपादक जे फॉक्स, नग्नस्नानावरून लिहिलेला त्यांचा लेख आणि त्यावरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आणि 1915 मध्ये हरलेला खटला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, कधीतरी लिहू. मुद्दा असा की, लेकबेचा हा धक्का पुढे खाजगी हातांत गेला, मोडकळीस आला, आणि 2021 च्या अखेरीस बोटिंग असोसिएशनच्या सागरी उद्यानांसाठीच्या संस्थेने तो सार्वजनिक वापरासाठी विकत घेतला. सहकारातून बांधलेला धक्का खाजगीतून फिरून पुन्हा लोकांकडे येऊ पाहतो आहे.

मात्र खरेदीपत्रावर सही झाली म्हणून धक्का लोकांचा होत नाही. पाण्यातले खांब बदलावे लागतात, सांडपाणी उपसण्याची सोय करावी लागते, मुक्कामाचे दर ठरवावे लागतात, आणि ते ठरवणाऱ्या समितीवर कोणीतरी बसावे लागते. त्या समितीत क्लबांचे प्रतिनिधी बसतील हे गृहीतच आहे. परिसरातल्या शाळेचा शिक्षक, ट्रेलरवर होडी आणणारा टकोमाचा कामगार, होडीतच राहणारा एखादा म्हातारा, आणि त्या खाडीत शिंपले वेचण्याचा तहसिद्ध हक्क असलेल्या जमातींचा माणूस यांना तेथे खुर्ची मिळते की नाही, हे पाहायचे आहे. असोसिएशनच्या कार्यकारिणीने या खुर्च्यांचा ठराव पहिला मुक्कामदर ठरण्याआधी करावा.